उतारा, मोटर, रेशन, रेंज : बेळगाव सीमाभागातल्या घराघरांत पोचलेल्या इंटरनेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्कंडेय नदीकाठच्या एका गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन कामाचं दुकान आहे. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं. त्याआधी लोक माझ्याकडे झेरॉक्स काढायला आणि फोटो लॅमिनेट करायला यायचे. आता झेरॉक्स कमी आणि प्रश्न जास्त. "अण्णा, हे बघ की जरा" म्हणत मोबाईल पुढे येतो आणि त्यात घरातलं अख्खं कपाट असतं : बँकेचं पासबुक, रेशन कार्ड, लाईट बिल, रताळ्याचा दर, पोरीच्या शाळेचा निरोप. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. ही कामं ज्याची त्याला स्वतःच्या हाताने करता यावीत, एवढीच माझी इच्छा आहे. माझं गिऱ्हाईक त्यामुळे कमी झालं तरी मला आनंदच वाटेल.

मला कन्नड वाचता येत नाही. जमिनीचा उतारा मोबाईलवर कसा बघू?

बघता येतो, आणि वाटतो तेवढा अवघडही नाही.

महाराष्ट्रात सातबारा, तशी कर्नाटकात पहाणी. कचेरीत तिला आरटीसी म्हणतात, आपण उतारा म्हणतो. कर्नाटक सरकारच्या 'भूमी' योजनेत २०००च्या आसपास राज्यातले सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर चढले आणि हाताने लिहिलेल्या उताऱ्याचे दिवस संपले. भूमीच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, होबळी (म्हणजे महसूल मंडळ), गाव, सर्वे नंबर आणि हिस्सा या क्रमाने निवडत जायचं. नुसता बघायला पैसे पडत नाहीत. बँकेत किंवा कोर्टात द्यायची प्रत हवी असेल तर थोडी फी भरून काढावी लागते.

पडद्यावरची अक्षरं कन्नड असतात, त्यामुळे माणूस पहिल्यांदा दबकतो. पण मोठ्याने वाचून घ्या. खाते, हिस्सा, मोजिणी, फोडी, वारसा, तकरार, कचेरी. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता आणि त्या वेळच्या दप्तराची भाषा अजून कन्नड लिपीत नांदते आहे. लिपी परकी वाटते, शब्द आपलेच आहेत. माझ्या दुकानात सत्तरीच्या एका मामांना मी उतारा वाचून दाखवत होतो. चौथ्या शब्दाला त्यांनी मला थांबवलं आणि पुढचे शब्द आपले आपणच सांगितले. अक्षर एकही येत नव्हतं, पण कुठल्या रकान्यात काय असतं हे त्यांना पाठ होतं.

रकाने लक्षात ठेवले तर निम्मं काम होतं. नऊ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव आणि क्षेत्र असतं, अकराव्यात बोजा, म्हणजे सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज, आणि बाराव्यात पीक. कर्ज फेडूनही अकराव्या रकान्यात बोजा तसाच पडून आहे, असं मी अनेक उताऱ्यांवर बघितलंय. तो कमी करून घ्यायला बँकेचं पत्र तहसीलदार कचेरीत द्यावं लागतं, आपोआप काही होत नाही.

गूगल लेन्सचा कॅमेरा कन्नड कागदावर धरला की मराठी भाषांतर दिसतं. मतलब कळायला ते चांगलं आहे. नावं आणि आकडे मात्र त्यावरून कधीच घेऊ नका. 'तुमची हरकत असल्यास' या वाक्याचं त्याने 'तुमची हरकत नसल्यास' केलेलं मी स्वतः पाहिलं आहे. नोटीस असेल तर कन्नड येणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

आणखी एक गोष्ट, ज्यांची जमीन चंदगडकडेही आहे आणि इकडेही आहे त्यांच्यासाठी. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, पहाणीवर एकर-गुंठे. पहाणीवरचं १-२० म्हणजे एक एकर वीस गुंठे, म्हणजे साधारण ०.६० हेक्टर. भावाभावांत वाटणी करताना हे न बघितल्यामुळे घरं बोलेनाशी झाली आहेत.

आधारवर एक नाव, उताऱ्यावर दुसरं. पैसे अडकलेत. काय करायचं?

सीमाभागातलं हे सगळ्यात मोठं दुखणं. आपलं नाव घरात मराठीत ठेवलं जातं, शाळेत कन्नडमध्ये चढतं, आधारवर इंग्रजीत उतरतं आणि संगणक ते परत कन्नडमध्ये वळवतो. एवढ्या उड्या मारल्यावर 'परशराम'चा 'परशुराम' होतो, 'जोतिबा'चा 'ज्योतिबा' होतो. कुणाच्या नावात वडिलांचं नाव आधी येतं, कुणाचं आडनावच गळतं. माणसाला कळतं की हा तोच. यंत्राला कळत नाही. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार, पीक विमा, गृहलक्ष्मीचे दोन हजार, सगळं खात्यात थेट जमा होतं, आणि नाव जुळलं नाही की तिथंच थांबतं.

घाईने सगळीकडे दुरुस्ती सुरू करू नका. आधी एक कागद पक्का धरा. मी बहुतेकांना शाळा सोडल्याचा दाखला धरायला सांगतो, कारण जन्मतारीख आणि नाव दोन्ही त्यावर असतं. मग त्याप्रमाणे आधार, मग आधारप्रमाणे बँक, आणि शेवटी उतारा. उताऱ्यावरचं नाव बदलायला वेळ लागतो, तहसीलदारांचा आदेश लागतो. उताऱ्याला आधार जोडायची मोहीम आली तेव्हा ज्यांची नावं आधीच जुळलेली होती त्यांचं काम पाच मिनिटांत झालं, बाकीच्यांचे हेलपाटे अजून चालू आहेत.

घरात बाळ जन्मलं असेल तर जन्म दाखल्यावरचं नाव कन्नड आणि इंग्रजी दोन्हीत वाचून, अक्षर अन् अक्षर तपासूनच घरी आणा. पन्नास वर्षांचा त्रास त्या एका दिवशी वाचतो.

शेतातली मोटर फोनवरून चालू-बंद करणारा मोबाईल स्टार्टर बसवावा का?

बसवा. माझ्या मते गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या शेतकऱ्याच्या झोपेवर एवढा उपकार दुसऱ्या कुठल्याही यंत्राने केलेला नाही.

शेतीला थ्री फेज वीज दिवसाला सातेक तास, तीही पाळीपाळीने आणि बऱ्याचदा रात्री. आमचे वडील वीस वर्षं रात्री एक-दोनला उठून बॅटरी आणि काठी घेऊन मळ्यात जायचे. उसाच्या कडेने घोणस, पावसाळ्यात चिखल, आणि तिथं पोचल्यावर वीज गेलेली. २०१८ साली विहिरीवरच्या पेटीत आम्ही मोबाईल स्टार्टर बसवला. पहिल्या रात्री दीडला वडिलांचा मोबाईल वाजला आणि एक बाई मराठीत म्हणाल्या, वीज आली आहे. वडील उठून बसले, चप्पल शोधायला लागले. मी म्हटलं, "तात्या, आता जायचं नाही, बटण दाबायचं." त्यांनी दाबलं. मग अंधारात बराच वेळ तसेच बसून राहिले. सकाळी मळ्यात जाऊन सरीतलं पाणी हाताने बघितल्यावरच त्यांचा विश्वास बसला.

आत असतं ते एक सिमकार्ड आणि विजेचा दाब व अँपिअर मोजणारं सर्किट. फोन केला की ते मोटरीला चालू-बंद करतं. विहिरीतलं पाणी आटलं की मोटर नेहमीपेक्षा कमी अँपिअर ओढते, ते ओळखून तो मोटर बंद करतो. तीनपैकी एक फेज गेला तर उरलेल्या दोघांवर भार येऊन वाइंडिंग जळतं, त्याआधीच तो तोडतो. मोटर रिवाइंड करायचा एक खर्च वाचला तरी स्टार्टरची बरीचशी किंमत वसूल होते.

घेताना काही गोष्टी विचारा. बरेच स्टार्टर टू-जीवर चालतात आणि जिओचं टू-जी नेटवर्कच नाही, त्यामुळे त्यात जिओचं सिम चालणार नाही. मळ्यात कुठल्या कंपनीची रेंज आहे ते आधी तिथं उभं राहून बघा. सिमचं रिचार्ज संपलं की स्टार्टर मुका होतो, म्हणून ती तारीख दिनदर्शिकेवर लिहा. स्टार्टरला फक्त घरातले दोन-तीन नंबर जोडा, सगळ्या गल्लीचे नकोत.

आणि हे नीट वाचा. मोटरीला, वायरीला किंवा पेटीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा. नुसती मोटर बंद आहे म्हणून चालणार नाही. आमच्या चुलतभावाने एकदा पाईप काढायला मोटर उघडली होती आणि घरी वडिलांना वाटलं, पाणी लावायचं राहिलंय. त्यांनी फोन लावला. त्या क्षणी भावाचा हात नशिबाने बाहेर होता. तेव्हापासून आमच्या पेटीवर लाल रंगात लिहिलंय, 'आधी मेन पाडा, मग घरी फोन करा'.

दारं धरायला, म्हणजे शेतात पाणी वळवायला, मात्र माणूसच लागतो. बांध फुटला तर स्टार्टरला कळत नाही, रात्रभर पाणी शेजाऱ्याच्या शेतात जातं.

आमच्याकडे रेंजच नाही. आम्ही काय करायचं?

खानापूर तालुक्यातून हा प्रश्न येतो तेव्हा मला उत्तर द्यायला संकोच वाटतो. भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, कोंगळा, पास्तोली, आमगाव अशा गावांत पावसाळ्यात ओढे-नाले चढले की रस्ताही तुटतो, आणि नेमकी तेव्हाच फोनची गरज सगळ्यात जास्त असते. दाट जंगल, डोंगर, विरळ वस्ती, टॉवरला लागणारी वनखात्याची परवानगी, आठ-आठ दिवस नसलेली वीज, अशी कारणं एकात एक गुंतलेली आहेत. २०२२च्या जुलैमध्ये केंद्राने फोर-जी न पोचलेल्या देशभरातल्या २४,६८० गावांसाठी योजना मंजूर केली आणि ते काम बीएसएनएलकडे आहे. आपलं गाव त्या यादीत आहे का, हे ग्रामपंचायतीने लेखी विचारावं. लेखी विचारलं की उत्तर द्यावं लागतं.

तोवर चालण्यासारखे उपाय असे : घरात केबलवाल्याची फायबर लाईन आहे पण टॉवर नाही, तर फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करा, साधा फोन त्यावरून लागतो. इंटरनेट नसलं तरी *९९# डायल करून बँकेतली शिल्लक बघता येते आणि पैसेही पाठवता येतात. साध्या बटणाच्या फोनवरून पैसे पाठवायची १२३पे सोय २०२२ पासून आहे. नकाशा घरून निघण्याआधीच डाउनलोड करून ठेवा.

फोन महाराष्ट्राचा नाहीतर गोव्याचा टॉवर पकडतो. जादा पैसे कापतात का?

आजच्या नेहमीच्या प्लॅनमध्ये नाही. निपाणी, चोर्ला, कुद्रेमानी या बाजूंना हे रोजचंच आहे. रोमिंग बंद ठेवलं असेल तर मात्र नेट चालणार नाही, ते सुरू करा. एक काळजी घ्या : ११२ला फोन लावताना टॉवर पलीकडचा असला तर फोन पलीकडच्या राज्याच्या कक्षात लागू शकतो. म्हणून सुरुवातीलाच गाव, तालुका आणि 'कर्नाटक' एवढं सांगून टाका, मग काय झालंय ते सांगा.

बाजारात क्यूआर लावला आहे. पैसे आले की नाही, कसं ओळखायचं?

गणपत गल्लीत भाजी घेऊन बसणाऱ्या मावशीपासून खडेबाजारातल्या कापडदुकानापर्यंत सगळीकडे आता चौकोन चिकटलेला आहे. गिऱ्हाईक स्क्रीन दाखवतं आणि चालायला लागतं. त्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, तशी खोटी चित्रं बनवणारी अ‍ॅप फिरतात. आवाज सांगणारा डबा ठेवा, त्याची भाषा मराठी किंवा कन्नड करून मिळते, किंवा आपल्या फोनवरचा बँकेचा मेसेज बघा.

हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ करून द्या : पैसे यायला पिन लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. कुणी म्हणालं, "तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका", तर तो तुमचेच पैसे घेतो आहे. आठवडी बाजारात बँकेचा सर्व्हर अडकतो तेव्हा यूपीआय लाईट कामाला येतं. त्यात पाच हजारांपर्यंत ठेवता येतात आणि एका वेळी हजारापर्यंत पिनशिवाय देता येतात. फोन हरवला तर तेवढेच जातील, मुख्य खातं शाबूत राहील.

"तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे" असा व्हिडिओ कॉल आला तर?

कट करा. डिजिटल अटक नावाची गोष्ट भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, न्यायाधीश यांच्यापैकी कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे भरायला लावत नाही.

हे मी कळकळीने लिहितोय, कारण २०२५ साली आपल्याच खानापूर तालुक्यातल्या एका वृद्ध जोडप्याने अशा छळाला कंटाळून जीव दिला. या लोकांची पद्धत ठरलेली असते. माणसाला एकटं पाडतात, "कुणाला सांगू नका" म्हणतात, कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाहीत. ज्यांची मुलं पुण्यात, गोव्यात, दुबईत आहेत अशा घरांत आई-वडील दोघंच असतात आणि साहेबाच्या आवाजाला घाबरण्याची त्यांना आयुष्यभराची सवय असते. म्हणून मुलांना विनंती : आई-बाबांना नुसतं "सावध राहा" सांगू नका. एक खुणेचा शब्द ठरवा. आणि त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा, "पैसे गेले तरी मी रागावणार नाही, पण मला लगेच फोन करा." लाजेपोटी लपवलेले दोन दिवस फार महाग पडतात.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पहिल्या तासात कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे गोठवायची संधी राहते. बँकेलाही त्याच वेळी सांगा.

बोटाचा ठसा लागत नाही म्हणून रेशन मिळालं नाही. पुढे काय?

निपाणीत आणि आसपासच्या गावांत विडी वळणाऱ्या बायका हा प्रश्न घेऊन येतात. पानाची कड आणि तंबाखू वर्षानुवर्षं बोटांवर घासून रेषा पुसट होतात. गवंडी, ऊसतोड करणारे, भांडी घासणाऱ्या मावश्या, सगळ्यांचं असंच. एका आक्कांनी यंत्रावर पाचही बोटं एकेक करून ठेवली, पुसली, पुन्हा ठेवली, आणि शेवटी हात पदराखाली लपवला. चूक त्यांची असल्यासारखा. त्या हातांनी तीन मुलं शिकवली आहेत.

हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा, थोडं तेल लावून पुसा आणि अंगठ्याऐवजी दुसरी बोटं वापरून बघा. आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने द्या. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोयही आधारने आणली आहे. यंत्र चाललं नाही एवढ्याच कारणाने खऱ्या कार्डधारकाला धान्य नाकारू नये अशा केंद्राच्या सूचना आहेत. दुकानदार ऐकत नसेल तर अन्न निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ठशावरून खात्यातले पैसे काढून घेणारेही आहेत, म्हणून काम नसेल तेव्हा आधारच्या अ‍ॅपवरून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा.

गृहलक्ष्मी मिळते. लाडकी बहीणसुद्धा भरता येईल का?

येणार नाही. गृहलक्ष्मी कर्नाटकातल्या कुटुंबप्रमुख महिलेसाठी आहे, २०२३च्या ऑगस्टपासून महिना दोन हजार. लाडकी बहीण महाराष्ट्रातल्या रहिवासी महिलांसाठी, २०२४च्या जुलैपासून महिना दीड हजार. इकडची मुलगी लग्न होऊन महाराष्ट्रात नांदत असेल तर तिकडचे नवे अर्ज सुरू असतील तेव्हा पतीच्या कागदपत्रांवर तिला तिकडचा अर्ज करता येतो, पण मग इकडच्या रेशन कार्डातून नाव कमी झालेलं पाहिजे. दोन्ही योजनांच्या नावाने लिंक फिरतात. सरकारी अर्ज व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवर भरला जात नाही.

नदीला पूर येतोय हे आधी कसं कळेल?

चिक्कोडी, निपाणी, रायबाग, अथणी या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांना पाणी वरून येतं आणि त्याची बातमीही वरून येते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना हे सांगायला नको. इथला पाऊस थांबला तरी महाबळेश्वर आणि राधानगरीचा पाऊस दोन दिवसांनी दारात येतो.

म्हणून नुसतं आपल्या गावाचं हवामान बघू नका. कृष्णाकाठच्यांनी कोयनेचा विसर्ग आणि शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावरून येणाऱ्या पाण्याचा आकडा बघावा, कारण तिथून पुढे कृष्णा कर्नाटकात शिरते. दूधगंगेसाठी काळम्मावाडी, वेदगंगेसाठी पाटगाव. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे किती उघडले यावरून पंचगंगेचा अंदाज येतो, एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. हे आकडे कोल्हापूरकडून मराठीत येतात आणि इकडच्या नोंदी कन्नडमध्ये, त्यामुळे दोन्ही भाषा कळणारा एक माणूस गावाच्या ग्रुपवर पाहिजेच. कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-यडूर हे पूल-बंधारे पाण्याखाली जायला लागले की रस्त्याची माहितीही त्याच ग्रुपवर टाका, वेळ लिहून. वेळ नसलेला आकडा निरुपयोगी आहे. २०१९ मध्ये 'धरण फुटलं' असा आवाज पसरला आणि माणसं रात्री पोरं उचलून पळाली. धरण जागेवर होतं.

विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप घ्या. आसपास कुठे वीज पडते आहे ते दाखवतं. रानात गुरं असतील तर त्या माहितीचा उपयोग होतो.

दोन भाषांच्या वादाचा व्हिडिओ आला की ग्रुपवर टाकावा का?

आधी तारीख बघा. २०२२च्या डिसेंबरात ट्रकवर दगड पडले, २०२५च्या फेब्रुवारीत दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या, आणि दोन्ही वेळेला माझ्या फोनवर जे आलं त्यातलं बरंच जुनं होतं, काही तर आपल्या जिल्ह्यातलंही नव्हतं. 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शेरा असलेला व्हिडिओ तर आपल्या हातून पुढे जाऊच नये. मराठीचा आग्रह मलाही आहे आणि तो मी उघडपणे धरतो. पण फिरवलेल्या क्लिपचा भुर्दंड उद्या सकाळी कोल्हापूरला दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्याला पडतो, किंवा निपाणीच्या स्टँडवर उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरीला.

मुलगा दिवसभर मोबाईलवर असतो, आणि आता हिंदीत बोलतो. काय करू?

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये शाळेनेच फोन हातात दिला, त्यामुळे सगळा दोष पोरांना देऊ नका. आपल्याकडचं लेकरू घरात मराठी बोलतं, शाळेत कन्नड-इंग्रजी, आणि कार्टूनमधून हिंदी उचलतं. तीन-चार भाषा येणं हे वैभव आहे. काळजी तेव्हा करावी, जेव्हा आजीने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला तिला न समजणारं उत्तर येतं. जेवताना फोन नाही, आणि रात्री सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, मोठ्यांचेही. आमच्या घरात हा नियम मोडणारा पहिला माणूस मीच होतो, मुलीने पकडलं.

मोबाईलमुळे आपली मराठी जाईल का?

मला उलटं दिसतं. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाला १८४८ची परंपरा आहे, पण खेड्यातल्या सुनेला तिथवर जायला वेळ कधी होता? कडोली, उचगाव, बेळगुंदीची साहित्य संमेलनं आता पुण्यात राहणारी आमची पोरं यूट्यूबवर बघतात. सरकारी संकेतस्थळ मराठीत नाही हे दुःख आहेच, आणि भाषिक अल्पसंख्याक म्हणून ते मागत राहिलं पाहिजे. पण आपल्या हातात आहे ते तरी करा. फोनची भाषा मराठी करा, कीबोर्डवर माईकचं चित्र दाबून मराठीत बोला, तो देवनागरीत लिहितो. आमच्या आईने शाळा पाहिली नाही. मराठा लाईट इन्फंट्रीत असलेल्या नातवाला ती आता रोज बोलून पत्र लिहिते आणि पाठवायच्या आधी मला वाचून दाखवायला लावते. 'खरं' हा आपला शब्द, 'पण' या अर्थाचा, फोन तोसुद्धा बरोबर उतरवतो.

दुकानात, गोठ्यात कॅमेरा बसवला आहे. बाहेरचं कुणी बघू शकतं का?

कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवला असेल तर हो. बसवणाऱ्याकडून पासवर्ड बदलून घ्या, तोही आपल्या हाताने. शेजाऱ्याच्या दाराकडे तोंड करून कॅमेरा लावू नका.

वडील वारले. त्यांच्या मोबाईलचं काय करायचं?

घाईने बंद करू नका. त्या नंबरला बँक, गॅस, उतारा, विमा, सगळं जोडलेलं असतं. रिचार्ज थांबलं की नंबर बंद पडतो आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणाला तरी मिळतो. मृत्यू दाखला घेऊन कंपनीच्या दुकानातून नंबर वारसाच्या नावावर करून घ्या. त्यांच्या खात्यातून यूपीआयने पैसे काढू नका, पिन माहीत असला तरी. बँकेत दाखला द्या, वारसदाराच्या नावाने रीतसर काढा. पहाणीवर वारसा लावायचा अर्ज लगेच करा. फोनमधले फोटो आणि आवाजाचे निरोप दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्या, जुना फोन कधी चालू होणार नाही ते सांगता येत नाही.

मळ्यात मोबाईल स्टार्टर असेल तर त्यातला मुख्य नंबरही बदलावा लागतो. तो मुख्य नंबरवरूनच बदलता येतो, म्हणून सिम चालू असतानाच करा. आम्ही ते विसरलो होतो. तात्या गेल्यावर तेराव्या दिवसाच्या रात्री दोनला कपाटातला त्यांचा फोन वाजला. आई उठली, तिने फोन उचलला, बाईंचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं आणि मला हाक मारली, "ऊठ, वीज आल्या. तुझ्या बापाला बोलवूलेत."

मी नंबर बदलला आहे. आता मुख्य नंबर आईचा आहे.